शंभरपैकी ससा

मराठी माणसाला ससा भेटतो तो गोष्टीत. कासवाबरोबरच्या शर्यतीत तो झोपतो, पाठीवर पान पडलं की आभाळ पडलं म्हणून पळत सुटतो, सिंहाला विहिरीत त्याचंच प्रतिबिंब दाखवून ठार करतो आणि उरलेल्या वेळात चंद्रावर बसून राहतो. नैयायिकांनी तर त्याला शिंगही दिलं. 'शशशृंग' म्हणजे सशाचं शिंग, जे नाहीच त्याचं उदाहरण. पण या सगळ्या धावपळीत ससा रंगाने कसा, हा प्रश्न आपल्याला कधी पडलेला नाही. पांढरा. दुसरा कसा असणार? वास्तविक आपल्या माळरानावर जो दिसतो तो मातकट तपकिरी असतो, मानेमागे काळा डाग असलेला, आणि प्राणिशास्त्राच्या लेखी तो 'रॅबिट'सुद्धा नव्हे, 'हेअर' आहे. म्हणजे पंचतंत्रातला ससा तपकिरीच असला पाहिजे. पाठ्यपुस्तकांच्या चित्रकारांनी तो धुऊन काढला आणि आपण तो तसाच पाठ केला.

हे सांगायचं कारण असं की, जगात काही माणसं अशी आहेत की ती आयुष्यभर दुसरा विचारच करत नाहीत. ससा म्हटलं की त्यांना विचारायचं असतं ते एवढंच: रंग कोणता, आणि ठिपके कुठे?

इंग्लंडमध्ये या नादाला 'फॅन्सी' असं नाजूक नाव आहे. नाद मात्र नाजूक माणसांचा नव्हे. विणकर, खाणकामगार, गिरणीतले लोक, ज्यांच्या घरामागे चार हात जागा होती, त्यांनी एकोणिसाव्या शतकात हा वाढवला. आपल्याकडे कबुतरांचा असतो, बैलांचा असतो, तसाच. १९३४ सालापासून त्यांची ब्रिटिश रॅबिट कौन्सिल आहे. ती सशाच्या मागच्या पायात नंबरची धातूची कडी घालते आणि कुठल्या जातीचा ससा कसा दिसावा हे ठरवते. अमेरिकेतल्या भाईबंदांनी तर आपल्या नियमपुस्तकाचं नावच 'स्टँडर्ड ऑफ परफेक्शन' ठेवलंय. परिपूर्णतेचं प्रमाण! आपल्याकडे यासाठी लोक हिमालयात गेले आणि परत आले नाहीत. तिकडे टपालाने मागवता येतं.

प्रत्येक जातीला एकूण शंभर गुण. ते गुण कशाकशाला वाटलेत हे वाचण्यासारखं आहे. 'डच' सशाच्या तोंडावर कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा हवा, अंगाचा पुढचा भाग पांढरा, मागचा रंगीत, आणि दोन्हींची सीमारेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ. पुन्हा मागच्या पायांचे पंजे पांढरे, मोजे घातल्यासारखे. 'हार्लेक्विन'चं तोंड मधोमध दुभंगलेलं: अर्ध काळं, अर्ध नारिंगी. ज्या बाजूचा गाल काळा त्या बाजूचा कान नारिंगी, आणि उलट. होळीला कुणी अर्धवट रंगवून पळून गेल्यासारखा तो दिसतो, पण त्यामागे पिढ्यांची मेहनत असते. काही जातींत प्रत्येक केसावरच रंगांचे पट्टे असतात. ते बघायला परीक्षक सशाच्या अंगावर हळूच फुंकर मारतो. केस बाजूला होतात आणि आत गोल गोल वर्तुळं उमटतात. चांगला धट्टाकट्टा माणूस, पांढरा कोट घालून, सशावर फुंकर मारतो आहे आणि भोवती दहा-बारा माणसं श्वास रोखून उभी आहेत, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला इंग्रज कळला नाही असं माझं मत आहे.

पण या सगळ्यांत छळवादी जात म्हणजे 'इंग्लिश'. अंग पांढरं. नाकावर फुलपाखरू: पंख पसरलेलं, दोन्ही बाजूंनी सारखं. डोळ्यांभोवती कडं, गालावर एकच ठिपका, कान पूर्ण रंगीत. कानांच्या मुळापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीवर माशाच्या काट्यासारखी कातरलेली रेघ, कुठेही न तुटलेली. मानेपासून कमरेकडे ठिपक्यांची साखळी. ती लहान ठिपक्यांनी सुरू व्हायची आणि मागे जाताना मोठी होत जायची, रांगोळीतल्यासारखी. पायांवर ठिपके. आणि पोटाखाली स्तनाग्रांवर ठिपके, दोन्ही बाजूंचे मिळून सहा. पाच भरले तर परीक्षकाच्या कपाळाला आठी. हे तपासायला सशाला उताणं करतात. ससा त्या वेळी आकाशाकडे अशा नजरेने पाहतो की 'अनादि मी अनंत मी' वगैरे त्याच्या मनात चाललं असावं. नसेलही. सशाला लाल रंग धड दिसत नाही म्हणतात. ठिपक्यांचं हे सगळं ऐश्वर्य ज्याच्या अंगावर आहे तोच एक प्राणी त्या हॉलमध्ये त्याविषयी पूर्ण उदासीन असतो.

हे ज्ञान मला यॉर्कशरमध्ये झालं. माझा भाचा तिकडे डॉक्टर आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने आईला, म्हणजे माझ्या ताईला, उन्हाळ्यात तीन महिने बोलावलं आणि तिला सोबत म्हणून मला. भाच्याच्या शेजारी एक निवृत्त गिरणीवाले आजोबा राहतात. बागेच्या टोकाला त्यांची लाकडी शेड, शेडमध्ये तीन मजली पिंजरे, आणि त्यांत तीसेक इंग्लिश ससे. पहिल्या दिवशी त्यांनी कुंपणावरून ताईला 'मॉर्निंग, लव्ह' म्हटलं. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली. ती पदर सावरत तडक घरात आली. तिकडे बसच्या कंडक्टरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच तसं म्हणतात, हे भाच्याने समजावून सांगेपर्यंत तिने कुंपणाकडची खिडकी बंद ठेवली होती. नंतर मात्र रोज सकाळी चहा झाला की आम्ही दोघं शेडमध्ये.

आजोबांचा स्वभाव असा की विचारलं तर बोलणार नाहीत, आणि नाही विचारलं तर थांबणार नाहीत. सशाच्या रंगाची मुळाक्षरं त्यांनी आम्हाला शिकवली. ती खरोखरच ए, बी, सी, डी, ई अशी आहेत. ए म्हणजे केसावर पट्टे की सरळ रंग. बी म्हणजे काळा की चॉकलेटी. सी म्हणजे रंग असावा की नसावा. डी म्हणजे गडद की फिका. काळा फिका झाला की त्याला 'निळा' म्हणायचं. ई म्हणजे काळेपणा कुठवर पसरावा. या पाच अक्षरांत बहुतेक सगळा व्यवहार. सी च्या घरात तर एक गंमत आहे. 'हिमालयन' ससा जन्मतो पांढरा, आणि मग नाक, कान, पंजे, शेपटी एवढंच काळं होतं, कारण त्याचा रंग थंडीतच तयार होतो. त्याच्या पाठीवरचे केस काढून तिथे बर्फ बांधून ठेवला तर तिथे उगवणारे नवे केस काळे येतात. ताई म्हणाली, "आमच्यात उलट आहे. उन्हात जाऊ नकोस, काळी होशील म्हणायचे." आजोबांना हे मी भाषांतर करून सांगितलं नाही.

ठिपक्यांसाठी त्यांनी बियाण्यांच्या पाकिटाच्या पाठीवर चौकोन काढला. अकरावी-बारावीला जीवशास्त्र होतं त्यांना तो आठवत असेल: पनेटचा चौकोन. केंब्रिजच्या या रेजिनाल्ड पनेट यांनी स्वतः सशांच्या रंगांवर काम केलं होतं, तेव्हा चौकोन आपल्या घरीच आला म्हणायचा. हिशेब असा. ठिपक्यांचा जो घटक आहे तो आईकडून एक आणि बापाकडून एक असा मिळतो. एकच मिळाला तर ससा ठिपकेदार, म्हणजे बक्षिसाच्या लायकीचा. एकही नाही मिळाला तर एकरंगी: अंगभर काळा, किंवा जो असेल तो. आणि दोन्हीकडून मिळाला तर ठिपके दुप्पट व्हायला हवेत की नाही? होत नाहीत. ससा जवळजवळ पांढरा होतो. साखळी नाही, फुलपाखरू नाही, नाकाखाली नुसती मिशीएवढी खूण. चार्ली चॅप्लिनच्या मिशीवरून त्याला म्हणतात 'चार्ली'.

म्हणजे दोन विजेते ठिपकेदार एकत्र आणले तर त्यांची पिल्लं सरासरीने निम्मी ठिपकेदार, पाव एकरंगी, पाव चार्ली. निम्मी मुलं नापास, आणि तीही आई-बाप दोघं पहिल्या वर्गातले असताना! उलट चार्ली आणि एकरंगी, म्हणजे ज्यांना प्रदर्शनाच्या दारातही कोणी उभं करत नाही असे दोघं, यांची पिल्लं शंभर टक्के ठिपकेदार. हे ऐकल्यावर मला फार बरं वाटलं. आपल्याकडचे कित्येक वंशाभिमानी या पाकिटासमोर बसवायला हवेत असं वाटून गेलं. मी तसं आजोबांना म्हणालोही. ते म्हणाले, "हो, पण पुढे त्यांची मुलं पुन्हा तशीच." निसर्ग कुणालाही फार वेळ खूश राहू देत नाही.

आता एवढ्यावर हा लेख संपला असता. पण कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक चार्ली मादी होती आणि ताईला तीच आवडली. एकदा सकाळी आम्ही गेलो तर आजोबा तिला मांडीवर घेऊन दोन बोटांनी तिचं पोट चोळत होते. ती खात नव्हती. चार्लींचं हे नेहमीचंच, ते म्हणाले. आतडं सुस्त असतं, फुगतं, अडतं. ससा खायचा थांबला की एका दिवसात गंभीर होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. अलीकडे शास्त्रज्ञांनी याचं कारणही शोधलंय. ज्या जनुकामुळे ठिपके पडतात, त्याचंच एक काम आतडं हलतं ठेवणाऱ्या पेशींचंही असतं. वरचा अंगरखा आणि आतलं पोट एकाच शिंप्याकडे शिवायला दिलेलं. त्याने अंगरख्यावर जरा जास्त नक्षी काढायला घेतली की पोटाचं कापड कमी पडतं.

ताईने पाकीट उचललं आणि चौकोनात बोट ठेवलं. "हे पाव, ते हे?" आजोबा हो म्हणाले. "आणि हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं?" आजोबा पुन्हा हो म्हणाले, जरा सावकाश.

इथे मला थोडं घरातलं सांगायला हवं. ताई सावळी. १९७० च्या दशकात तिच्यासाठी स्थळं बघायला लागलो तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आणि त्यात 'सावळी पण नाकीडोळी नीटस' असं होतं. त्या 'पण'चे पैसे वेगळे पडले नसतील, पण वजन सगळं त्याचंच होतं. मग बघायला येणाऱ्या मंडळींची परीक्षा. चालून दाखव. केस मोकळे सोड. सुईत दोरा ओव. एका घरच्या आत्याबाईंनी तिला खिडकीपाशी उजेडात नेऊन मनगट उलटं करून पाहिलं होतं, आतल्या बाजूचा मूळ रंग दिसतो म्हणून. फुंकर मारायची तेवढी बाकी होती. असे अकरा कार्यक्रम झाले. बाराव्या वेळी आमचे मेहुणे आले, त्यांनी पोह्यांची दुसरी बशी मागितली आणि प्रश्न सुटला. ताई हे नेहमी हसत सांगते. मात्र ती घरात मांजरसुद्धा 'गोरं गोमटं' म्हणू देत नाही.

तर त्या शेडमध्ये वाद झाला. आजोबा म्हणाले, ठिपके मी काढत नाही, मी फक्त दार उघडतो. मी म्हणालो, दार उघडणाऱ्याला आत कोण बसलंय हे ठाऊक असेल तर? ते म्हणाले, पूर्वी खुणा चुकलेली पिल्लं थेट भांड्यात जायची, माझे वडील तेच करायचे. मी त्यांना चांगली घरं बघून देतो. ते खरं आहे. गल्लीतल्या निम्म्या पोरांकडे त्यांचे काळे ससे होते. ते पुढे म्हणाले, रानातले बहुतेक ससे पहिलं वर्षसुद्धा पुरं करत नाहीत. कोल्हा आहे, थंडी आहे, रोग आहेत. ही चार्ली पाच वर्षांची आहे.

"रानात ही अशी जन्मलीच नसती," ताई म्हणाली.

"बरोबर, लव्ह," आजोबा म्हणाले. "मग ही नसतीच. ते बरं झालं असतं का?"

आता हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. डेरेक पारफिट नावाच्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या आपल्या जाडजूड पुस्तकात नेमक्या याच गाठीवर बरीच पानं खर्च केली आहेत: ज्या निवडीमुळे एखादा जीव जन्माला आला, त्याच निवडीने त्याचं नुकसान केलं असं म्हणता येईल काय? कारण दुसरी निवड केली असती तर तो नसताच, दुसराच कुणी असता. तक्रार करायची तर कुणाच्या वतीने? नसलेल्या सशाचं हित हे सशाच्या शिंगापेक्षाही नाजूक प्रकरण आहे. शिंग निदान सशाला तरी चिकटवता येतं.

मला स्वतःला हा युक्तिवाद चतुर वाटतो आणि पटत नाही. 'मी नसतो तर तू नसतास' हे वाक्य जगात आजवर फक्त हात वर करण्यासाठी वापरलं गेलेलं आहे. आपण घरात कुणालाही जेवायला बोलावलं की पदार्थाला मीठ आहे का हे पाहण्याची जबाबदारी येते; 'बोलावलं नसतं तर उपाशी राहिला असतात' हे पाहुण्याला सांगून चालत नाही. शिवाय रंगाचं वेड मुळातच वाईट असंही मी म्हणणार नाही. आपल्या लातूरकडच्या देवणी गाई-बैलांचे तीन प्रकार लोकांनी रंगावरूनच पाडले आहेत: पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या, काळ्या ठिगळांचा शेवेरा. पण त्या तिघांनाही नांगर ओढावा लागे. अंगात दम नसलेला वानेरा नुसत्या तोंडावर फार दिवस दावणीला राहिला नसता. ओढायचं काम काढून घेतलं आणि नुसतं दिसायचं काम ठेवलं की पोटाकडे बघणारं कोणी राहत नाही, मला वाटतं गोम तिथे आहे.

ताईने मात्र तत्त्वज्ञानात वेळ घालवला नाही. तिने पाकिटाची दुसरी बाजू घेतली आणि नवा चौकोन काढला. "ठिपकेदाराला एकरंगी लावला तर निम्मे ठिपकेदार, निम्मे एकरंगी. चार्ली एकही नाही. ठिपकेदार तर दोन्हीकडे निम्मेच मिळतात! मग हा पाव तुम्ही कशासाठी काढता?" मी भाषांतर केलं. करायची गरज नव्हती; चौकोन इंग्रजीतही तसाच दिसतो.

आजोबा बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिले. उत्तर त्यांच्याकडे होतं, आणि ते खोटं नव्हतं. एकरंगी सशाच्या अंगात साखळी कशी दडलेली आहे ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो लावणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. दोन्ही बाजूंनी चांगल्या खुणा दिसत असल्या की हात धरून पुढे जाता येतं. एक चांगली साखळी मिळायला त्यांना वीस वर्षं लागली होती. आणि या चार्लीच्या आईने तीन प्रदर्शनं जिंकली होती. पुढच्या महिन्यात हिलाच एका काळ्या नराला लावायचं त्यांच्या मनात होतं. सगळी पिल्लं ठिपकेदार आली असती, त्यांतून निवडायला भरपूर.

"या पोटाने?" ताईने विचारलं.

"मागच्या वेळी निभावलं होतं."

"किती जगली?"

"पाच. सातांतली."

ताई पिंजऱ्यात वाळकं गवत घालत राहिली. चार्लीने एक काडी ओढली, आणि ती कशी आत जाते हे आम्ही तिघांनी शेवटपर्यंत पाहिलं.

ऑगस्टअखेर आम्ही परत आलो. नोव्हेंबरात भाच्याचा फोन आला. शेजारी एकतीस दिवसांचा हिशेब बरोबर भरला होता. ठिपकेदार मादी आणि काळा नर अशी जोडी लावली, सात पिल्लं झाली, चार काळी, तीन ठिपकेदार. अंगावर केस यायच्या आधीच कातडीवर खुणा दिसतात म्हणे. तिघांपैकी एकाचं फुलपाखरू एका पंखाचं, दुसऱ्याची साखळी खांद्यापाशीच संपलेली, तिसऱ्याचं आत्ताच काही सांगता येत नाही. चार्लीला का नाही लावलं, असं भाच्याने विचारलं तर आजोबा म्हणाले, जनावरांच्या डॉक्टरचं बिल परवडत नाही.

"आणि काळ्यांचं काय केलं?" ताईने विचारलं.

"दोन आपल्याकडे आलेत, आई. मुलीने हट्ट धरला."

"बरं. आणि ती खातेय का?"

भाचा म्हणाला, बघून सांगतो. ताई म्हणाली, आत्ता बघ, मी फोन धरून आहे.